माघाऱ्या हिल्कीया

गालीलच्या तळ्याकाठी आमच्या मग्दालेत आईबापांनी ठेवलेलं नाव माणसाला फार दिवस पुरत नाही. गाव दुसरं ठेवतं आणि तेच मरेपर्यंत चिकटतं. माझी थोरली बहीण तिर्सा, तिच्या नवऱ्याचं नाव हिल्कीया. पण बंदरावर येऊन हिल्कीयाचं घर विचारलं तर चार जण तोंडाकडे बघत राहतील. 'माघाऱ्या' म्हणा, आंधळासुद्धा हात धरून आणून सोडील.

माघारी आला म्हणून माघाऱ्या. नासरेथकर गुरुजींना सोडून परत आला, जिवाला भ्याला, असं सांगणारे गावात पुष्कळ. त्यातल्या एकानेही त्याला कधी समोर बसवून विचारलं नाही, की बाबा रे, काय झालं होतं? मी विचारलं होतं. मी त्याची मेहुणी, यमीमा. नवरा तळ्यात बुडाला तेव्हापासून मी ताईच्याच घरी राहिले, त्यांच्याच हौदांवर मासे चिरले, आणि दाजींशी रोज भांडले. ताईला मूल नव्हतं, मलाही नव्हतं. तिघंच होतो आम्ही घरात.

दाजी मूळचे मग्दालेचे नव्हते. सिप्पोरीजवळच्या एका वाडीचे. राजा मेला, लोक उठले, त्या दंग्यात त्यांचा बापही कुऱ्हाड घेऊन गेला होता. मग रोमी फौज उतरली. शहर जाळलं, माणसं विकली, आणि जे हत्यारासकट सापडले त्यांना रस्त्याच्या कडेने लाकडांवर टांगलं. दाजी तेव्हा एवढेसे होते. आईने त्यांना तिथे नेलं, कारण घरी ठेवायला घरच उरलं नव्हतं. बाप जिवंत होता अजून. पाणी मागत होता. शिपाई जवळ जाऊ देईनात. हे दाजींनी ताईला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी सांगितलं, आणि ताईने मला सांगितलं ते चूल फुंकता फुंकता, माझ्याकडे न बघता.

आई पोराला घेऊन तळ्याकाठी आली आणि मिठाच्या हौदांवर कामाला लागली. दाजी तिथेच वाढले. पुढे दोन हौद त्यांचे स्वतःचे झाले. खाऱ्या समुद्राकडून आलेलं मीठ फोडायचं, बोटभर मासळी पोटातून चिरून साफ करायची, एक थर माशांचा, एक थर मिठाचा, वर दगड. हाताला बारा महिने भेगा. माणूस सचोटीचा, पण हसायला महाग. मी म्हणायची, "दाजी, तुम्हालाच एकदा हौदात घालून बघायला पाहिजे, मुरलात तर मुरलात." ते म्हणायचे, "तू शेजारी नको म्हणजे झालं. मासे आंबतील."

आमच्या शेजारी अझर्या राहायचा. होडीवर वल्हं मारायचा, तोंड त्याहून जास्त चालवायचा. दाजींचा तोच एक मित्र. हा बोलणार, दाजी ऐकणार. नासरेथकर गुरुजी काठावर येऊन बोलतात ही बातमी अझर्यानेच आणली. दाजी पहिल्यांदा गेले ते केवळ अझर्याची कटकट थांबावी म्हणून. परत आले ते गप्प. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आठवड्याभरात सुरी धुऊन माझ्या हातात दिली आणि ताईला म्हणाले,

"मी त्यांच्याबरोबर जातोय. तुम्ही दोघी हौद बघाल ना?"

ताई म्हणाली, "अहो, पण कशासाठी?"

"माझ्या बापाने कुऱ्हाडीने देवाचं राज्य आणायचं ठरवलं होतं. हा माणूस म्हणतो कुऱ्हाड नको. ते कसं आणतो, ते बघायचंय मला."

बोलायचं ते मी बोलले. राज्य आलं की दाजींना काय मिळणार, बंदराची वसुली की राजवाड्याची मोरी, असं पुष्कळ. ते हसले. खरंच हसले. लग्नात नव्हते हसले तेवढे.

वर्षभर ते गेले ते गेलेच. मधूनमधून तळ्याच्या आसपास आले की घरी टेकायचे. अंगाने वाळले होते, पण चेहरा उजळला होता. गुरुजींच्या अगदी जवळचे बारा जण. दाजी आणि अझर्या त्यांच्यातले नव्हेत. मागे चालणाऱ्या गर्दीतले. पण दाजींना त्याचं काही नव्हतं. अझर्याला होतं. तो म्हणायचा, "पुढे पुढे सरकलं पाहिजे रे हिल्कीया, नाहीतर उद्या वाटणीच्या वेळी आपण दाराबाहेर." दाजी म्हणायचे, "तू सरक. मला इथून ऐकू येतं."

ऐकू येत होतं, तेच त्यांना नडलं.

एका दुपारी मी हौदाच्या कडेला बसून मासे चिरत होते आणि समोर सावली पडली. वर बघितलं तर दाजी. एकटे. पायाच्या टाचा फुटलेल्या, झग्याला काटे. पार हर्मोन डोंगराच्या पायथ्यापासून चालत आले होते, वाटेत कोणाबरोबर बसले नाहीत की जेवले नाहीत.

माझी जीभ काही सरळ नाही. मी म्हटलं, "अगं ताई, बाहेर ये गं! राज्य आलं आपल्याकडे! सिंहासन मागून गाढवावर येतंय वाटतं?"

ते काही न बोलता सुरी शोधायला लागले. मासा घेतला, चिरला. दुसरा घेतला. ताई बाहेर आली, तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. तिने पाण्याचं भांडं त्यांच्या पायाशी ठेवलं आणि पाय धुवायला बसली. तेव्हा ते बोलले. तिच्या डोक्याकडे बघत बोलले.

"गुरुजी म्हणाले, यरुशलेमात त्यांना मारणार आहेत."

"कोण?"

"सगळेच. वडीलधारे, मंदिरातले मुख्य याजक. छळ करतील, नाकारतील आणि मारतील. तिसऱ्या दिवशी उठेन असंही म्हणाले. ते आम्हाला कोणालाच कळलं नाही. पण मारतील, ते काय कळायचं राहतं?"

मी म्हटलं, "मग बाकीचे काय म्हणाले?"

"त्या बारांतला तो मोठा कोळी, तो त्यांना बाजूला घेऊन समजवायला गेला, की असं अभद्र बोलू नका. त्याला असे झापले गुरुजी, की आम्ही सगळे खाली बघायला लागलो. मग मागच्यांनाही हाक मारली. आम्हालाही. म्हणाले, ज्याला माझ्यामागे यायचंय त्याने स्वतःला विसरावं, आपापला क्रूस उचलावा आणि यावं."

ताईचे हात थांबले.

"अझर्या माझ्या कानाशी म्हणाला, ही बोलायची पद्धत असते रे, मोठी माणसं असंच बोलतात. सगळ्यांनी तसंच धरलं. चालायला लागल्यावर जेवणाच्या गोष्टी सुरू झाल्या. मला चालवेना. तिर्सा, मी लाकूड उचलणारी माणसं बघितलीत. ती बोलायची पद्धत नसते."

"अहो, मग तुम्ही विचारायचं त्यांना."

"विचारलं. संध्याकाळी ते एकटे बसले होते. मी जाऊन विचारलं, 'गुरुजी, ते लाकडाचं खरंच म्हणालात का?' ते 'हो' म्हणाले. मी म्हटलं, 'मी लहानपणी बघितलंय.' त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, 'म्हणजे तुला ठाऊक आहे.' बस, एवढंच. पुढे काही बोलतील म्हणून मी उभा राहिलो. ते बोलले नाहीत, मलाही बोलवेना. सकाळी सगळे उठायच्या आत मी निघालो."

"सांगितलं नाहीत?"

"काय सांगणार होतो?"

एवढं बोलून ते पुन्हा मासे चिरायला लागले. मला त्यावेळी त्यांची कीव आली नाही, खोटं कशाला सांगू. मला राग आला. वर्षभर आम्ही दोघींनी हौद ओढले ते याच्यासाठी? मी म्हटलं, "भ्यालात म्हणा की सरळ."

"भ्यालोच," ते म्हणाले. "मग काय सांगतोय मी?"

गावाला कारण नको होतं, नाव हवं होतं. बंदरावरच्या हमालांनी ते त्याच आठवड्यात ठेवलं. दाजी टोपली घेऊन निघाले की कोणीतरी ओरडायचा, "अरे, पुढे चाललाय की माघारी?" जे गुरुजींचे ऐकणारे होते ते दाजींशी बोलेनासे झाले. जे गुरुजींना शिव्या घालायचे ते उलट पाठीवर थाप मारायला लागले, "शहाणा झालास बघ!" ती थाप दाजींना जास्त लागायची. सभास्थानात प्रार्थनेला ते मागच्या भिंतीला टेकून बसायचे आणि सगळ्यांच्या आधी उठायचे.

पुढे हिवाळा लागायच्या सुमारास गुरुजी आणि त्यांची माणसं गुपचूप गालीलातून चालली होती. कोणाला कळू द्यायचं नव्हतं. अझर्या तेवढा वाट वाकडी करून आमच्याकडे आला. खारवलेले मासे हवे होते वाटेसाठी. दाजींनी टोपली भरायला घेतली. मी आणि ताई भाकरी भाजत होतो.

"वहिनी, वास काय सुटलाय!" अझर्या म्हणाला. "तुमच्या हातच्या भाकरीसाठी मीही माघारी येईन एखाद दिवस."

ताई म्हणाली, "या की. इथे माघारी येणाऱ्याला जेवायला मिळतं."

अझर्या खजील झाला. मग दाजींना म्हणाला, "अरे, चल परत. कोणी काही म्हणणार नाही. मी सांगतो ना, बायको आजारी होती म्हणून."

दाजींनी विचारलं, "ते पुन्हा बोलले का त्याबद्दल?"

"कशाबद्दल?"

"मरणाबद्दल."

अझर्याने भाकरीचा तुकडा मोडला. "बोलले. परवाच. माणसांच्या हाती देतील, मारतील, तेच सगळं."

"मग तुम्ही काय विचारलं?"

"विचारलं नाही."

"का?"

"हिंमत झाली नाही रे कोणाची. त्यांचा चेहरा तसा झाला की कोण विचारणार?"

"मग बोललात काय वाटेत?"

अझर्या हसला, पण नीट हसला नाही. "आमचं जुंपलं होतं. आमच्यात मोठा कोण यावरून. तू असतास तर तुलाही मजा आली असती."

दाजींनी टोपलीचं झाकण बांधलं. बराच वेळ गाठ मारत होते. मग म्हणाले, "अझर्या, मला काही कोणाला शिकवायचा हक्क नाही. पण एक सांगतो. मारतील तेव्हा एकाने तरी समोर उभं राहा. टांगलेल्या माणसाला वरून दिसतं. कोण आलंय, कोण नाही, सगळं दिसतं. माझ्या बापाचा भाऊ झाडामागे उभा होता. बापाला ते झाडही दिसत होतं."

अझर्या चिडला. "अरे, तू काय भरल्या घरात मढ्याच्या गोष्टी करतोस! असं काही होणार नाहीये. यरुशलेमात पोचलो की बघ. तळ्याएवढी माणसं आमच्यामागे असतील."

"असतील," दाजी म्हणाले आणि टोपली त्याच्या खांद्यावर चढवून दिली.

यरुशलेमातला वल्हांडणाचा सण जवळ आला तसे दाजी घरात टिकेनात. उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. शेवटी यात्रेकरूंचा एक जथा निघाला तेव्हा पाठीला गाठोडं बांधून म्हणाले, "मी जातोय." ताईने विचारलं नाही कुठे. अंजिराची ढेप बांधून दिली. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. घाबरलेला होता, पण कधी नव्हे तो मोकळा होता.

चारच दिवसांत ते परत आले. यावेळी मी टोमणा मारला नाही. ताईला त्यांनी सांगितलं ते मी आतून ऐकलं. वाटेवरच्या बेथ-शान शहराच्या वेशीबाहेर खांब रोवून ठेवलेले होते. रिकामेच. कोणाला टांगायचं झालं तर असावेत म्हणून. जथ्यातले लोक तिथे सावली बघून बसले, लसूण सोलला, भाकऱ्या सोडल्या, पोरं त्या खांबांभोवती शिवाशिवी खेळली. दाजींना तिथून पुढे पाऊलच टाकता येईना. पाय उचलायचे आणि तिथेच पडायचे, असं म्हणाले. जथा पुढे गेला. ते तिथे बसून राहिले आणि मग इकडे वळले.

या दुसऱ्या माघारीची गावाला खबर नव्हती. यात्रेच्या धांदलीत कोण गेला, कोण आला, कोणी मोजत नाही. मला आणि ताईला तेवढं ठाऊक. ताई म्हणाली, "यमे, हे बाहेर गेलं तर मी तुझी जीभ मिठात घालीन." आज माझ्या जिभेपर्यंत तिचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ती गेलीय, म्हणून बोलते आहे.

सणानंतर अझर्या आला. दारातून नव्हे, मागून, हौदांकडून. मीठ ठेवायच्या खोपटात घुसून बसला होता. मी मीठ काढायला गेले आणि किंचाळलेच. अंगावरचा झगा फाटलेला, दाढीत चिखल. मला म्हणाला, "ओरडू नकोस, यमीमा. माझ्या मागावर असतील."

तुझ्यासारख्या वल्हं मारणाऱ्याच्या मागावर कोण येतंय, असं तोंडावर आलं होतं. पण ते तसंच गिळलं. मी दाजींना बोलावलं.

दाजी त्याच्यासमोर उकिडवे बसले. "झालं?"

अझर्याने मान हलवली.

"लाकडावर?"

पुन्हा मान.

"समोर कोण होतं?"

अझर्या रडायला लागला. "बायका होत्या म्हणतात. आम्ही... बागेत त्यांना धरायला आलेल्यांच्या मशाली दिसल्या आणि सगळे पळाले, हिल्कीया. सगळे. मी कोणाला तरी तुडवून पळालो. कोणाला ते बघितलंही नाही."

मला वाटलं, दाजी आता बोलतील. मी असते तर बोलले असते. टोपली बांधताना सांगितलं होतं ते, चिडला होतास ते, एकेक काढलं असतं. दाजी उठले आणि ताईला म्हणाले, "डाळ उरलीय का? गरम कर." त्याला खायला घातलं. आपला दुसरा झगा दिला. आठवडाभर तो त्या खोपटात राहिला आणि दाजींनी शेजारीपाजारी कोणाला संशय येऊ दिला नाही.

मग दक्षिणेकडून बातम्या यायला लागल्या. कबर रिकामी आहे, गुरुजी दिसले, गालीलात भेटणार आहेत. अझर्या खोपटातून निघून डोंगराकडे गेला. परत आला तो मी ओळखला नाही. ताठ. डोळे असे, की त्याच्याकडे बघून मलाही क्षणभर वाटलं, याने बघितलंय. काय ते मला माहीत नाही, पण याने काहीतरी बघितलंय. खोटं बोलणारा अझर्या मी पुष्कळदा बघितला होता. हा तो नव्हता.

"ते आले होते," तो म्हणाला. "मी बघितलं. आम्ही खूप जण होतो. आम्ही पळालो त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, हिल्कीया! एक शब्द नाही! उलट आम्हालाच जा म्हणाले, सगळीकडे जाऊन सांगा म्हणाले."

दाजी उभे होते. ओल्या हातांनीच. त्यांनी विचारलं, "माझ्याबद्दल काही विचारलं का?"

अझर्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. त्याच्या ध्यानातच नव्हतं. मग तो म्हणाला, "तुझ्याबद्दल? नाही रे. तिथे इतके लोक होते..."

"हो, बरोबर," दाजी म्हणाले. "मी नव्हतो ना तिथे."

अझर्याने खांदा धरला त्यांचा, पुष्कळ बोलला, चल म्हणाला, सगळ्यांना माफी आहे म्हणाला. दाजी मान हलवत राहिले. रात्री जेवले नाहीत. यरुशलेमात सगळ्यांनी गुरुजींना एकदम टाकलं आणि गुरुजींनी सगळ्यांना एकदम परत घेतलं. दाजी त्याआधीच एकटे निघून आले होते, म्हणून एकटेच राहिले.

पुढे अझर्याच्या अंगणात मंडळी जमायला लागली. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, पहाटे कामाला जायच्या आधी. भाकर मोडायची, गुरुजींच्या आठवणी सांगायच्या. सांगणारा अझर्याच. आता त्याला सगळे 'अझर्याबाबा' म्हणायला लागले. दाजींना कोणी येऊ नका म्हटलं नाही. पण ते आले की एक चूळबूळ व्हायची, बायका पदर आवरायच्या, माणसं थोडी सरकायची, आणि ती सरकलेली जागा तशीच रिकामी राहायची. म्हणून दाजी दाराजवळ, माशांच्या टोपलीपाशी बसायचे. मासे त्यांचेच असायचे.

एकदा कुठल्याशा गावाहून नवीन लोक आले होते. अझर्या सांगत होता, गुरुजींनी आम्हाला किती आधीपासून तयार केलं, एकदा नाही, पुनःपुन्हा सांगितलं, आणि आम्ही कसे दगडाचे, आम्हाला काहीच समजलं नाही. हे तो नेहमी सांगायचा, आणि सांगताना त्याचा आवाज गोड व्हायचा. आम्हाला समजलं नाही, आम्ही मूर्ख होतो, असं म्हणताना लोक त्याच्याकडे आणखीच मायेने बघायचे.

नव्यांतल्या एका बाईने विचारलं, "बाबा, इतक्या माणसांत कोणालाच समजलं नव्हतं?"

"कोणालाच नाही, लेकी," अझर्या म्हणाला. "एकालाही नाही."

त्याने दाराकडे बघितलं नाही. मुद्दाम नाही बघितलं असंही मी म्हणणार नाही. विसरला होता तो. मला त्याचाच जास्त संताप आला. मी उठले. दाजींनी माझं मनगट धरलं. भेगाळलेला हात, पण पकड अशी की मला हलता येईना.

"बस, यमे."

"दाजी, सोडा. मी सांगते सगळ्यांना."

"बस म्हणतो ना."

घरी येताना मी रस्ताभर भांडले. "सांगायला काय झालं होतं तुम्हाला? एका माणसाला समजलं होतं, तो त्यांच्याच दारात बसलाय, आणि तुमच्या खोपटात तोच अझर्या लपला होता..."

"काय सांगू?" दाजी रस्त्यातच थांबले. बंदराकडे जाणारे हमाल वळून बघायला लागले. "मला समजलं होतं, म्हणून मी पळालो? हे सांगू? ते न समजता पळाले, त्यांना तोंड दाखवायला जागा आहे. मला कुठे आहे, सांग. गुरुजींनी मला डोळ्यात बघून सांगितलं होतं. मी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं. आणखी काय करायला पाहिजे होतं त्यांनी माझ्यासाठी?"

मी त्यांच्या हातातली रिकामी टोपली घेतली आणि पुढे चालायला लागले.

त्यानंतरही ते जात राहिले. टोपली ठेवायची, दाराशी बसायचं, सगळ्यांच्या आधी उठायचं. असं किती वर्षं चाललं देव जाणे. मग एका हिवाळ्यात पायाची जखम चिघळली. मिठावरच्या माणसाला जखम नवी नसते, पण ही भरेना. पाय काळा पडत गेला. तापात ते कधी बापाला हाक मारायचे, कधी 'येतो, येतो' म्हणायचे. कोणाला म्हणायचे, ते आम्ही दोघींनी एकमेकींना विचारलं नाही. एका सकाळी ताई पाणी पाजायला गेली तर पाणी ओठांवरून खाली आलं.

सुतकात अझर्या आला. म्हातारा झाला होता, डोळे रडून सुजलेले. ते रडणं खरं होतं. जमिनीवर बसला आणि जमलेल्यांना म्हणाला, "हिल्कीया आमचा भाऊ होता. तो एकदा चुकला, पण देव दयाळू आहे. मला खात्री आहे, त्यालाही क्षमा मिळाली असेल."

ताई इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "असेल?"

"वहिनी..."

"तुमच्या वेळी 'असेल' नव्हतं, भावजी. तुम्ही माझ्या मिठाच्या खोपटातून उठून गेलात आणि माफी घेऊन आलात. यांच्या वेळी 'असेल' कुठून आलं?"

अझर्याने खाली बघितलं.

ताई म्हणाली, "आणि गुरुजींनी तरी आधी सांगायचं कशाला? तुम्हाला सांगून काय उपयोग झाला? तुम्ही ऐकलं नाहीत, आणि गेलात. यांनी ऐकलं, आणि राहिले. न सांगता नेलं असतं तर हेही गेले असते तुमच्याबरोबर. पळाले असते तुमच्याबरोबर. आज तुमच्याशेजारी बसले असते."

अझर्याने डोक्यावर पदरासारखं कापड ओढलं आणि आमच्याबरोबर सुतकाचे उरलेले दिवस जमिनीवर बसून राहिला. घरी गेला नाही. अंगणातली मंडळी त्या आठवड्यात त्याच्यावाचून जमली.

खरं ते सांगितलं पाहिजे. दोन वर्षांनी सभास्थानातल्या लोकांनी अझर्याला धरलं, गुरुजींचं नाव टाक म्हणाले. त्याने टाकलं नाही. फटके खाल्ले, पुन्हा धरला तेव्हा पुन्हा खाल्ले, आणि त्यातच महिन्याभराने गेला. यावेळी पळायला वाव होता, होडी बांधलेली होती, तो पळाला नाही. मंडळी त्याचं नाव घेऊन भाकर मोडतात. मोडू देत. तो त्याला पात्र होता.

ताई अझर्याच्या मातीला गेली, पण अंगणात कधी गेली नाही. मंडळीतल्या बायका तिला बोलवायला यायच्या. ती त्यांना बसवायची, अंजिरं द्यायची, पाऊसपाण्याचं विचारायची आणि दारापर्यंत पोचवायची. गुरुजींचं नाव कोणी काढलं की म्हणायची, "त्यांच्याशी माझं बोलणं व्हायचंय अजून." मरेपर्यंत तेच म्हणत होती.

आता हौद दुसऱ्याचे झालेत. मी रोजावर मासे चिरते, बसून, कारण उभं राहवत नाही. बंदरावरची नवी पोरं एकमेकांना चिडवताना 'माघाऱ्या' म्हणतात. कोण होता ते त्यांना माहीत नाही. मी सांगायला लागले तर म्हणतात, "आजी, हात चालवा, ऊन चढतंय."